केबल-फोन अर्थिंग, अपडेट ३: वेगळा रॉड बाद

मागच्या अपडेटमध्ये ऐटीत सांगितलं होतं की टीव्हीच्या केबलसाठी वेगळा अर्थ रॉड (जमिनीत ठोकायची धातूची दांडी) ठोकला, काम फत्ते. ते विसरा, गाढवपणा होता तो.

झालं असं की टीव्हीची केबल काढताना एक बोट टीव्हीच्या सॉकेटच्या कडेला आणि दुसरं केबलच्या शील्डवर (आतल्या तारेभोवतीची धातूची जाळी), चांगल्याच मुंग्या आल्या. मीटर लावला तर दोघांत ९६ व्होल्ट एसी! आधी घाबरलो, मग १० किलोओहमचा रेझिस्टर त्या दोघांमधे लावून परत मोजलं तर २ व्होल्टसुद्धा नाही, म्हणजे टू-पिन प्लगवाल्या टीव्हीच्या एसएमपीएसमधल्या (आतला पॉवर सप्लाय) वाय कपॅसिटरचं, म्हणजे नॉइज गाळणाऱ्या छोट्या कपॅसिटरचं, लीकेज, त्यात दम नाही. रेझिस्टर लावूनही व्होल्टेज पडलं नसतं तर मात्र हात लावायचा नाही, सरळ मेन बंद.

पण या नादात केबलचा रॉड आणि घराचं मेन अर्थ यांच्यातही मोजलं, तर ३.४ व्होल्ट. एरवी काहीच नाही हो, पण वीज जवळपास पडली आणि मेन अर्थमधून समजा १००० अँपिअर जमिनीत गेले, आणि त्या अर्थचा रेझिस्टन्स १० ओहम असला, तर ते टोक १०,००० व्होल्टवर चढणार, केबलचा रॉड आपला लांब शून्याजवळ बसलेला, आणि या दोघांच्या मधे कोण? टीव्ही नाहीतर मॉडेम. म्हणजे रॉड ठोकून मीच स्पार्कला रस्ता करून दिला होता.

म्हणून रॉडची वायर सोडली. सोडायच्या आधी शील्डवर क्लॅम्प मीटर (वायर न सोडता करंट मोजणारा) लावला, हे कुणीच विसरू नका, कारण घराचा न्यूट्रल कुठे तुटला असेल तर लोडचा करंट शील्डमधून परत जात असतो आणि तुम्ही कनेक्टर उघडलात की दोन टोकांमधे जिवंत व्होल्टेज. माझ्याकडे ०.०३ अँपिअर आले, हुश्श. मग ग्राउंड ब्लॉक (केबलची शील्ड अर्थला जोडायचा ठोकळा) उचलून मीटर बोर्डाशेजारी आणला, केबल आत शिरते तिथेच, आणि ६ स्क्वेअर एमएमची हिरवी वायर मेन अर्थच्या पट्टीला. लांबी दीड मीटर, आधी सहा होती. वायरच्या दर मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स (करंट झटकन बदलायला होणारा विरोध) धरतात, विजेचा करंट मायक्रोसेकंदाला १० किलोअँपिअरने चढला तर मीटरमागे १० किलोव्होल्ट तिथेच पडतात, मग उरलेली वायर गुंडाळून ठेवणारे काय मिळवतात देव जाणे. काटकोनात वाकवली पण नाही, गोलाईत नेली.

फोनची गंमत वेगळीच. लाइनवरच्या प्रोटेक्टरचा डबा उघडला, आत दोन गॅस ट्यूब (व्होल्टेज फार चढलं की ते अर्थकडे सोडणाऱ्या) व्यवस्थित, आणि अर्थचा स्क्रू रिकामा! नवाकोरा, पाना लागल्याची खूणही नाही. इतकी वर्षं त्या ट्यूब नुसत्या शोभेला होत्या. तोही त्याच पट्टीला जोडला. जोडताना लाइन काढायचा कंटाळा केला, म्हटलं ४८ व्होल्ट डीसी तर आहे, आणि नेमका तेव्हाच कुणाचातरी फोन आला, रिंगचे ते ९० व्होल्टच्या आसपासचे एसी थेट बोटांत, पाना खाली, मी शिडीच्या दोन पायऱ्या खाली.

आता शील्ड ते मेन अर्थ ०.१ व्होल्ट. गच्चीवरच्या डिशची केबल अजून दुसऱ्याच भिंतीतून आत येते, पुढच्या सुट्टीत तिला वळवून याच पट्टीपाशी आणायचीय.