मधल्या जागेवर कारवी

शुक्रवार, ११ ऑक्टोबर २०२४, मँचेस्टर

सोमवारी रजिस्ट्रारकडे जायचंय. इथे बाळाची नोंद ४२ दिवसांच्या आत करावी लागते आणि नावही तेव्हाच लिहून घेतात. पहिल्या नावाचा प्रश्न नव्हता, तो मान आत्याचा. गौरी-गणपतीत बाळ आलं. बाराव्या दिवशी आम्ही फोन तिच्या कानाशी धरला, नाशिकहून नणंदेनं कुर्रर्र केलं आणि 'रेवा' सांगितलं. अडलंय ते मधल्या नावाशी.

आपल्याकडे त्या जागेचा विचार कुणी करतच नाही. बापाचं नाव तिथे आपोआप येऊन बसतं. मुलीचं लग्न झालं की ते उठतं आणि नवऱ्याचं बसतं. माझ्या डिग्रीवर बाबांचं नाव आहे, पासपोर्टवर नवऱ्याचं, आणि दोन्ही माणसं एकच हे सांगायला दर वेळी प्रतिज्ञापत्र. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या वेळी तर ताटात तांदूळ पसरून त्यावर लिहिलेलं नवं पहिलं नावसुद्धा मिळालं. माहेरच्या नावातलं काही म्हणजे काही उरलं नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी महाराष्ट्र सरकारनं बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम सरकारी कागदपत्रांवर सक्तीचा केलाय. ते वाचलं तेव्हा मी आठवड्यातून दोनदा बाबांना फोन करून तेच बोलत होते. रेवा बोरिवलीत जन्मली असती तर माझं नाव तिच्या नावाला लागूनच आलं असतं. इथे असा काही क्रम नाही. आईबाप जे सांगतील ते लिहितात.

मी म्हटलं, 'कारवी'.

बोरिवलीच्या आमच्या घरामागे नॅशनल पार्कचे डोंगर, आणि बाबांना चालायची आवड. दर पावसाळ्यात आम्ही कान्हेरीच्या वाटेनं जायचो. कारवी तिथे कायमच असते, पण बहुतेक वर्षं नुसती हिरवी. डोक्यावरून जाणारी झुडपं, हाताला खरखरीत लागणारी मोठी पानं. चढताना पाय घसरला की बुंधा धरायचा, तो उपटून येत नाही. आठव्या वर्षी मात्र ऑगस्ट-सप्टेंबरात अख्खा उतार एकाच वेळी जांभळा होतो. २०१६ साली मी ते पाहिलं. रस्त्यावरूनच मधमाश्यांचा आवाज ऐकू येत होता. तुरे चिकट असतात. माझी बाही त्यांना घासली आणि घरी येईपर्यंत तिला गोडसर, जरा औषधी वास येत राहिला. बाबा एका फुलाच्या आत बोट न लावता बघत बसले होते. त्यांनी तेव्हा सांगितलं की वेगवेगळ्या डोंगरांवर कारवीचं साल वेगवेगळं असू शकतं, पण एका डोंगरावरची सगळी झाडं आपलं साल चुकवत नाहीत.

यंदा पार्कात पुन्हा साल आलं. मला तिकडे जाता येण्यासारखं नव्हतं. बाबा एकटे गेले, फोटो पाठवले, आणि त्याच दिवसांत रेवा झाली.

नवऱ्याला नाव लगेच पटलं. आईंना नाही. काल फोनवर त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, जाई ठेवा, जुई ठेवा. रानातलं झुडूप कशाला? आणि ती फुलली की वाळते ना गं?"

हा प्रश्न मी टाळू शकत नव्हते. हो, वाळते. एकदाच फुलते आणि मरते. लेकराच्या नावात हे आणायचं का, यावर मी रात्री दूध पाजताना खूप विचार केला. बाबांनी दाखवलेलं आठवत होतं: फुलांनंतर बोंडं धरतात, ती वाळून झाडावरच राहतात, आणि पुढच्या पावसाचं पाणी लागलं की तडतड फुटून बी उडवतात. मेलेली काठीही वाया जात नाही. ठाकर, कातकरी, वारली लोकांच्या घरांचे कूड कारवीचेच, वरून शेणामातीनं लिंपलेले. तांदळाच्या पिठानं काढलेली वारली चित्रं मुळात याच भिंतींवरची. मला यात अशुभ काही दिसत नाही. सगळ्यांनी मिळून वाट बघायची, सगळ्यांनी मिळून फुलायचं आणि उतारावरची माती धरून ठेवायची, हे मला माझ्या मुलीच्या नावात हवंच आहे.

आईंना मी हे जमेल तसं सांगितलं. कुडाचं ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "त्र्यंबकला आमच्या गोठ्याचा कूड कारवीचाच होता. दिवाळीआधी मी आणि आई लिंपायचो. काठ्यांच्या फटीत माती बोटानं दाबावी लागते, नाहीतर वारा येतो." माहेरच्या गोठ्याबद्दल त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या. दोन गाई होत्या, एकीचं नाव कपिला, हेही कळलं. पण शेवटी मुद्द्यावर आल्याच: "बापाचं नाव तरी असू दे." मी म्हटलं, "आई, आडनाव त्याचंच आहे ना." त्या म्हणाल्या, "बघा तुम्ही." म्हणजे अजून मनातून पटलेलं नाही. त्यांना पटावं असं मला फार वाटतं, पण त्यासाठी नाव बदलणार नाही. ही जागा रेवाच्या लग्नात कुणासाठी रिकामी करावी लागू नये, एवढा माझा हट्ट आहे. मोठी झाल्यावर तिला स्वतःलाच नको वाटलं तर तिनं खुशाल काढावं.

बाबांनी हिशेब करून ठेवलाय. पार्कात पुढचं साल २०३२. रेवा तेव्हा आठ वर्षांची असेल, कान्हेरीपर्यंत आपल्या पायांनी चालेल. त्या वर्षी सप्टेंबरात शाळा बुडली तर बुडली, तिकीट काढायचंच, हे आमचं दोघांचं ठरलंय.

उद्या दसरा. पुरण शिजत घातलंय, गोंडा इथल्या दुकानात मिळाला, आपट्याची पानं अर्थातच नाहीत. सोमवारच्या पिशवीत दोघांचे पासपोर्ट आणि बाळाचं रेड बुक, म्हणजे तिच्या तब्येतीच्या नोंदींची वही, ठेवलं. कारवीचं स्पेलिंग व्हीनं करायचं की डब्ल्यूनं यावर आज पुन्हा अर्धा तास गेला, शेवटी व्ही. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पिशवीतच ठेवलंय, कारण सही करण्याआधी प्रत्येक अक्षर तपासून घ्या असं ज्यांनी ज्यांनी मुलांची नोंद केलीय ते सगळे बजावतायत.