लेखनिक मंजूर करून घेताना

माझ्या वर्गात एक पूर्ण अंध मुलगी आहे. द्वितीय वर्ष कला, विषय इतिहास. परीक्षेला लेखनिक, म्हणजे ती सांगेल ते उत्तर लिहून देणारी व्यक्ती, मिळणं हा तिचा हक्क, पण तो मंजूर होईपर्यंत माझं जे डोकं उठलं ते अजून शांत झालेलं नाही. निदान दुसऱ्या कुणा शिक्षकाला उपयोग होईल, म्हणून लिहितेय.

शिकवण्याचा भाग त्यामानाने सुटला. माझ्या जुन्या नोट्स श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होत्या. तिच्या लॅपटॉपवरचं एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ते वाचायला लागलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बडबडायचं. सगळं युनिकोडमध्ये आणलं आणि प्रश्न मिटला. फोटो काढून केलेल्या पीडीएफ मात्र अजिबात देऊ नका, त्यातलं एक अक्षरही वाचलं जात नाही. फळ्यावर लिहिताना 'हे बघा, इथून हा बाण' म्हणायची सवय सोडून नावं घेऊन बोलू लागले, तर मागच्या बाकावरची मुलंही नीट लिहून घ्यायला लागली.

अडलं ते परीक्षा विभागाच्या खिडकीवर. अर्ज, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), लेखनिकाचं बोनाफाइड, सगळं जोडलेलं. तरी उत्तर आलं, "सिव्हिल सर्जनचं पत्र नाही. हिला हाताने लिहिता येत नाही असं पत्र लागतं."

कार्डावर शंभर टक्के अंधत्व छापलेलं आहे आणि हे हाताबद्दल विचारतायत! सिव्हिल हॉस्पिटल जिल्ह्याच्या गावी. तिचे वडील रोजंदारीवर. जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार, दोघांचं एसटीचं भाडं वेगळं, आणि त्या दिवशी डॉक्टर भेटतीलच याची खात्री नाही. ती बिचारी म्हणाली, "जाऊ दे ना मॅडम, जाऊन येतो आम्ही." मी म्हटलं, "अजिबात जायचं नाही."

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट होतं. अंध, दोन्ही हात बाधित आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या परीक्षार्थींनी मागितला की लेखनिक द्यायचा. लिहिण्याच्या मर्यादेचं प्रमाणपत्र बाकीच्या प्रकारांतल्या दिव्यांगांसाठी होतं. तो परिच्छेद पिवळा करून खिडकीत दिला. "मॅडम, चेकलिस्टमध्ये आहे." मग, "हे दिल्लीचं झालं, विद्यापीठाचं परिपत्रक आणा." मग साहेब रजेवर. मग साहेब आले, तर फाइल सापडेना. बोलणं गोड, चहा विचारणार, आणि काम तसूभर हलणार नाही. मला याच गोडव्याचा जास्त संताप येतो.

शेवटी साध्या कागदावर लिहिलं : सदर विद्यार्थिनीला लेखनिक नाकारत असल्यास कारण व नियम लेखी कळवावा. प्राचार्यांची सही घेतली, आवक क्रमांक टाकून पोच घेतली. लेखी नकार द्यायला कुणीच तयार होईना. मंजुरी आली. त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी जरा जास्तच मिरवलं, ते असो.

म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक कागदाची पोच घ्या. दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांच्या आत असेल, पण लिहायला खरंच अडचण असेल, तर त्यासाठी १० ऑगस्ट २०२२ ला वेगळ्या सूचना निघाल्या होत्या. तिथे मात्र वैद्यकीय प्रमाणपत्र लागतंच, तिथे भांडू नका.

२०१८ च्या सूचनांप्रमाणे लेखनिक आपण आणला तर तो शिक्षणाने एक पायरी खालचा असावा लागत होता. प्रथम वर्षाच्या मुलांचे पेपर त्याच काळात, म्हणून आमच्याच ज्युनिअर कॉलेजातली बारावीची मुलगी घेतली. दोघींना आधी एकत्र बसवा. सांगण्याचा आणि लिहिण्याचा वेग जुळावा लागतो, आणि 'व्हर्सायचा तह' ऐकून नीट लिहिता यायला हवं. अचानक कुणी आजारी पडलं तर लेखनिक बदलता येतो, वेगवेगळ्या पेपरांना वेगवेगळा घेता येतो. दुसरं नाव तयार ठेवा.

हो, वेळेचं राहिलंच. तासाला किमान वीस मिनिटं जादा, म्हणजे अडीच तासांच्या पेपराला पन्नास. आमच्याकडे त्याच खोलीत दुपारचा पेपर होता आणि शिपाई बाकं लावायला दारात उभा. खोली वेगळी आणि तळमजल्यावरचीच मागून घ्या. पर्यवेक्षकाच्या हातात मंजुरीपत्राची प्रत द्या, नाहीतर मूळ वेळ संपली की तो उत्तरपत्रिका मागतो.

पुढच्या सत्राच्या अर्जाला चेकलिस्ट जुनीच जोडलेली आहे. सिव्हिल सर्जनच्या पत्राचा मुद्दा अंध विद्यार्थ्यांपुरता काढावा, असं पत्र यावेळी आधीच दिलंय. पोच घेतली आहे.