शंभराचे दोनशे बावीस

लेकीला दोन्हीकडे प्रवेश मिळाला होता. खासगी विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या फीत 40 टक्के सवलत दिली, त्यामुळे घरात सगळे त्याच बाजूचे. सरकारी कॉलेजचं त्या दिवशी कोणी नावही काढलं नाही. मी आठ दिवस मागून घेतले.

रात्री जेवणं झाल्यावर वहीत चार वर्षांचे चार रकाने आखले. फी दरवर्षी 8 टक्क्यांपर्यंत वाढू शकते, हे माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं. तशी ती वाढत गेली, तर चार वर्षांची फी पहिल्या वर्षाच्या चौपट न राहता साडेचारपट होते. आणि सवलत एकाच वर्षाची, म्हणजे एकूण फीत जेमतेम 9 टक्के. पुढच्या वर्षांचं काय, म्हणून फोन केला. ‘मार्क चांगले असले की मिळतेच’ असं सांगितलं. तेवढंच लेखी द्या म्हटलं, तर ते काही आलं नाही. अशी आश्वासनं हिशोबात धरायची नाहीत, हे मी तिथेच ठरवलं.

पण माझी झोप उडवली ती कर्जाने. शिकत असताना आणि पुढे वर्षभर हप्ता नाही, हे ऐकायला फार बरं वाटतं. हप्ता नसला तरी व्याज चढतच असतं. सोपं जावं म्हणून मी 100 रुपये धरले: दरवर्षाच्या सुरुवातीला 25 उचलायचे, व्याज 10 टक्के, न भरलेलं व्याज वर्षाअखेर मुद्दलात. पहिला हप्ता सुरू होईपर्यंत त्या 100 चे 140 होतात. तिथून दहा वर्षं हप्ते फेडले की हातून गेलेले असतात 222. मधल्या पाच वर्षांत व्याज तेवढं भरत राहिलं, तर 194. मी हे तीनदा करून पाहिलं. मग लेकीला उठवलं आणि वही तिच्यापुढे ठेवली. ती बराच वेळ त्या 222 वर बोट ठेवून बसली होती.

मग आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो. खासगीकडे इमारत देखणी, प्रयोगशाळा नवी. नोकरीबद्दल विचारलं की सगळ्यात मोठ्या पगाराचा आकडा सांगायचे. मला मधल्या मुलाचा पगार हवा होता, म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं तर बरोबर मध्ये येईल त्याचा. आणि वर्गातल्या किती जणांना नोकरी लागली तेही. दोन्ही आकडे मिळाले नाहीत.

सरकारी कॉलेजात भिंतींना ओल होती. दोन विषयांना तासिका तत्त्वावरचे शिक्षक आहेत, हे विभागप्रमुखांनी आपणहून सांगितलं. वसतिगृहाची खात्री नाही, निकाल उशिरा लागतात. या उणिवा लहान नाहीत, मी त्या वहीत लिहिल्या. प्रयोगशाळेत तिसऱ्या वर्षाची एक मुलगी जुन्या यंत्राचं झाकण उघडून आतली तार स्वतः जोडत होती. लेक तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली ती तासभर हललीच नाही.

परतताना म्हणाली, “आई, मला हवा तो एक विषय फक्त खासगीकडेच आहे गं.” ते खरंच होतं, आणि मला त्याचं वाईट वाटलं. फरक थोडा असता तर त्या एका विषयासाठी मी तिला तिकडे पाठवलंही असतं. पण तिला पुढे पदव्युत्तर शिकायचं आहे. पदवीलाच सगळं कर्ज काढून बसलो, तर तेव्हा बँकेच्या दारात कुठल्या तोंडाने उभं राहायचं?

आठव्या दिवशी सरकारी कॉलेजची फी भरली. तिने खासगीच्या त्या विषयाचा अभ्यासक्रम उतरवून घेतला होता. तो विभागप्रमुखांना दाखवून, प्रोजेक्ट म्हणून करता येईल का, असं विचारलं. त्यांनी कागद नीट वाचला आणि दुसरं वर्ष झालं की ये म्हणाले. तो कागद आता तिच्या टेबलासमोर भिंतीवर आहे.