फिस्टुलाचा ब्लॉक अर्धवट का राहतो?

डायलिसिससाठी फिस्टुला (हातातली धमनी आणि शीर यांची जोडणी) करताना हाताला ब्लॉक दिला, म्हणजे नर्व्हजभोवती औषध सोडून अख्खा हात बधिर केला, तर नुसतं दुखणं थांबत नाही. रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या सिम्पॅथेटिक नर्व्हज बंद झाल्यामुळे शिरा फुगतात आणि फिस्टुलातला रक्तप्रवाह वाढतो. ग्लासगोतल्या 2016 च्या चाचणीत तीन महिन्यांनंतर ब्लॉक दिलेल्या गटातले 84 टक्के फिस्टुला चालू होते, नुसती लोकल (छेदाच्या जागीच बधिरतेचं इंजेक्शन) दिलेल्या गटातले 62 टक्के. म्हणून ब्लॉक बसल्यावर सर्जनला शिरा पुन्हा सोनोग्राफीवर बघायला सांगा. आधी बारीक म्हणून सोडलेली मनगटाजवळची शीर कधीकधी कामाची निघते.

तरीही मध्येच पेशंट कण्हतो. अशा वेळी औषध कमी पडलं असेलच असं नाही, बहुधा एखादी नर्व्ह सुटलेली असते. मनगटाला अंगठ्याच्या बाजूने छेद घेतात, तिथली त्वचा बरीचशी मस्क्युलोक्युटेनियस नर्व्हकडे. काखेतल्या ब्लॉकमध्ये ही नर्व्ह सहसा धमनीभोवती सापडत नाही, आधीच बाजूला होऊन कोराकोब्रॅकियालिस स्नायूत शिरलेली असते. तिला वेगळे 4-5 मिली द्यावेच लागतात. दंडातली बॅसिलिक शीर वर आणायची असेल, तर काखेलगतचा आतला भाग टी-2 चा (छातीच्या दुसऱ्या नर्व्हचा), म्हणजे ब्रॅकियल प्लेक्सस या हाताच्या नर्व्हजच्या जाळ्याबाहेरचा. तिथे काखेपाशी त्वचेखाली आडवे 5 मिली सोडा. सुप्राक्लॅविक्युलरमध्ये (गळपट्टीच्या हाडावरून दिलेल्या ब्लॉकमध्ये) धमनी आणि पहिली बरगडी यांच्यामधला कोपरा भरला नाही, की करंगळीची बाजू जागी राहते.

आमचा कल काखेच्या ब्लॉककडे आहे. युरेमियात (किडनी बंद पडून रक्तात घाण साचल्यावर) प्लेटलेट्स नीट काम करत नाहीत, पण काखेत रक्त आलं तर दाबता येतं. इन्फ्राक्लॅविक्युलरला (त्याच हाडाखालून दिलेल्या ब्लॉकला) ती सोय नाही. सुप्राक्लॅविक्युलरने फ्रेनिक नर्व्ह, म्हणजे श्वासाचा पडदा हलवणारी नर्व्ह, लुळी पडू शकते. पाणी साचून आधीच धाप लागलेल्या, आडवं झोपवत नसलेल्या पेशंटला ते झेपत नाही.

डोस ड्राय वेटवर (डायलिसिसने जादा पाणी काढल्यानंतरच्या वजनावर) काढा, ऑपरेशनच्या सकाळच्या वजनावर नाही. ड्राय वेट 50 किलो असेल, तर 2 मिग्रॅ प्रति किलोने बुपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध 100 मिग्रॅ, म्हणजे 0.5 टक्क्याचे 20 मिली. अ‍ॅसिडोसिस (रक्तातलं वाढलेलं आम्ल) आणि जोरात चालणारं रक्ताभिसरण लक्षात घेऊन आम्ही त्यातून पाव भाग कमी करतो: 15 मिली. नर्व्ह नीट दिसत असतील तर तेवढ्यात भागतं. खरा घोळ पुढे होतो. सर्जन वरून 2 टक्के लिग्नोकेन (बधिर करणारं दुसरं औषध) 10 मिली मारतो, म्हणजे आणखी 200 मिग्रॅ, आणि दोन्ही औषधांची विषबाधा एकमेकांत मिळवली जाते. टॉपअप लागलाच तर 1 टक्का लिग्नोकेनचे 2-3 मिली, तेही हिशेबात धरून. या विषबाधेवर उतारा म्हणून 20 टक्के लिपिड खोलीतच हवं, 50 किलोला पहिला बोलस 75 मिली.

मुंबईत डायलिसिस सेंटरं शिफ्टमध्ये चालतात, त्यामुळे सकाळची शिफ्ट आटोपून पेशंट थेट ऑपरेशन थिएटरच्या दारात येऊ शकतो. डायलिसिसमध्ये दिलेलं, रक्त गोठू न देणारं हेपॅरिन किती वाजता थांबवलं ते फाइलवर बघा, चार ते सहा तास जाऊ द्या. आदल्या दिवशी डायलिसिस झालेलं सगळ्यात बरं. पोटॅशियम मात्र त्यानंतरचं हवं.

घरी सोडताना हात झोळीत ठेवा. बधिर हाताने लोकल ट्रेनचं हँडल धरू नये, त्यावर डोकं ठेवून झोपू नये, त्या हाताला बीपीचा पट्टा नको. फिस्टुलावर बोट ठेवून थरथर कशी तपासायची हे नातेवाइकांना दाखवून द्या. ती थांबली तर रात्रीच यायचं, सकाळची वाट बघायची नाही. ब्लॉक उतरण्याआधीच पॅरासिटामॉल सुरू करा. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक नको, त्याने उरलीसुरली लघवीही जाऊ शकते.