केटलचा व्हॉल्व्ह ठरला: थ्री-पीसच

मंडळी, घरी बिअर बनवण्याची आमची गाडी पातेल्याला (म्हणजेच केटलला) भोक पाडण्यावर अडली होती, ती एकदाची पुढे सरकली. 10 गॅलनच्या स्टीलच्या पातेल्याला स्टेप ड्रिलने 13/16 इंची भोक पाडलं आणि कडा कानशीने घासून घेतल्या. ड्रिलचा वेग कमी, दाब भरपूर आणि कटिंग ऑइलचा हात सढळ ठेवायचा. नाहीतर स्टील तापून आणखी कडक होतं आणि ड्रिल नुसतं किंचाळत बसतं.

आता मुद्द्याचं. व्हॉल्व्ह कोणता?

बॉल व्हॉल्व्ह म्हणजे आतला भोक असलेला गोळा फिरवून वाट उघडणारा. त्यातले वन-पीस आणि टू-पीस, म्हणजे एका किंवा दोन तुकड्यांच्या बॉडीचे, स्वस्तात मिळतात, गळतही नाहीत. अडचण आत आहे. बॉलच्या मागे, बॉडीच्या पोटात जी पोकळी असते तिच्यात व्हॉल्व्ह फिरवताना वर्ट (बिअरचा अजून न आंबलेला गोड काढा) शिरतं आणि तिथेच अडकतं. इथल्याच एका मित्राचा जुना टू-पीस आम्ही व्हाइसमध्ये धरून जोर लावून उघडला. बॉलवर तपकिरी चिकट थर, टेफ्लॉनच्या सीटमागे (बॉल टेकतो त्या कडीमागे) हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, हिरवट चोथा, आणि वास तर ताक विसरून राहिल्यासारखा. वरून व्हॉल्व्ह चकाचक दिसत होता, हे विशेष!

कुणी म्हणेल, वर्ट उकळतंच ना, मग जंतू राहतील कुठून? पण बंद व्हॉल्व्ह पातेल्याच्या बाहेर लटकत असतो, त्याच्या पोटात उकळी पोचेलच याची खात्री नाही. आणि थंड केलेलं वर्ट त्याच वाटेने फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) जाणार. म्हणून व्हॉल्व्ह कुठलाही असो, उकळी संपायला दहाएक मिनिटं असताना त्यातून थोडं उकळतं वर्ट काढून परत पातेल्यात ओतायचं.

थ्री-पीसमध्ये दोन टोकं पातेल्याला आणि पाइपला तशीच राहतात, बोल्ट सोडले की मधला भाग हातात येतो. बॉल निघत नसेल तर दांडा बंदच्या बाजूला फिरवा. त्या स्थितीतच बॉलवरची खाच पाइपच्या दिशेला येते आणि तो अलगद सरकतो. परत जोडताना बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळत जायचे. मी 304 स्टीलचा, अर्धा इंची, फुल पोर्ट (पाइपइतकंच मोठं भोक असलेला) घेतला. फुल पोर्टचं भोक साधारण 15 मिमी असतं, त्यामुळे हॉप्सचा गाळ कमी तुंबतो. पितळेचा चालला असता, पण त्यातलं पृष्ठभागावरचं शिसं व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणात बुडवून काढा, हा खटाटोप कोण करणार?

आट्यांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. आम्ही अमेरिकेतले लोक एनपीटी प्रकारचे आटे वापरतो. भारतातून किंवा ब्रिटनमधून आलेला माल बहुधा बीएसपी या ब्रिटिश प्रकारच्या आट्यांचा असतो. अर्धा इंचीत दोघांचेही इंचाला 14 आटे, त्यामुळे दोन-तीन फेरे अगदी गुण्यागोविंदाने बसतात. पण एकाचा कोन 60 अंश, दुसऱ्याचा 55. कितीही टेफ्लॉन टेप गुंडाळा, गरम पाण्यात थेंब येणारच.

गरम पाण्याच्या टाकीला मी टू-पीसच लावला. त्यातून पाण्याशिवाय काही जात नाही, तिथे जादा पैसे कशाला?

कोनिकल (शंकूच्या आकाराच्या) फर्मेंटरच्या तळाला ट्राय-क्लॅम्पचा (आट्यांऐवजी क्लॅम्पने आवळायच्या जोडाचा) दीड इंची बटरफ्लाय व्हॉल्व्ह घेतोय. त्याची चकती वाटेत उभी राहते, हॉप्सचे गोळे तिला अडकतात, हे खरं. पण तिथे उकळी नावाला नाही, सगळी मदार सफाईवर. बटरफ्लायमध्ये लपायला फार जागा नसते आणि बोल्ट काढले की सिलिकॉनची सीट वेगळी धुता येते.

पाण्याची चाचणी झाली. पातेल्याच्या आत सिलिकॉनची ओ-रिंग, बाहेरून वायसर आणि लॉकनट. थंड पाण्यात कोरडं ठाक, उकळत्या पाण्यात नटाखाली किंचित ओल दिसली. गार झाल्यावर पाव फेरा आवळला, आता तीही नाही. ओ-रिंग चपटी होऊन बाहेर येईपर्यंत पिळू नका, तिथेच ती फाटते.

पुढचं काम मॅग्नेटिक पंपाचं. त्यासाठी आणखी एक बॉल व्हॉल्व्ह लागेल, पण तो पंपाच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाला. आत येणारा प्रवाह आवळला की गरम वर्टमध्ये बुडबुडे धरतात आणि पंप नुसता खडखडतो. तिथे हाताला चटका न बसणारा दांडा कुणी वापरला असेल तर कळवा.