आउटबॉक्समधले चार मेल

बुधवार, रात्री

चाकणला कस्टमरच्या गेटवर आमचा टेम्पो सकाळपासून उभा, ड्रायव्हरचे फोनवर फोन, की इन्स्पेक्शन रिपोर्ट मेलवर आल्याशिवाय माल आत घेत नाहीयेत, आणि इकडे क्यूसीचे, म्हणजे माल तपासणीचे, काका छातीठोकपणे सांगतायत की मी काल संध्याकाळीच पाठवलाय. काकांनी सेंड दाबलं होतं हे शंभर टक्के खरं. फक्त मेल आउटबॉक्समध्येच बसून होता, आणि त्याच्या मागे अजून तीन.

आमच्याकडे आयटीचा वेगळा माणूस नाही, भोसरीतल्या आमच्याएवढ्या युनिटला परवडतही नाही, त्यामुळे प्रिंटर अडकला, वायफाय गेलं, मेल जाईना, की सगळे अकाउंट्सकडे म्हणजे माझ्याकडे येतात. का, तर मला टॅली येतं. असो.

साहेबांनी परस्पर मेल होस्टिंगवाल्याला फोन लावला, त्याने नेहमीचंच सांगितलं, आउटलुक, म्हणजे आमचा मेलचा प्रोग्राम, काढून परत टाका. हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं, काकांचा अकाउंट पॉपवर आहे, म्हणजे सगळे मेल त्यांच्याच कॉम्प्युटरवर, आउटलुक मेल साठवतं त्या एका पीएसटी फाइलमध्ये, तिला धक्का लागला तर काका मला आयुष्यभर माफ करायचे नाहीत.

आधी खालची पट्टी बघितली. कुणीतरी चुकून वर्क ऑफलाइन, म्हणजे आउटलुकला सर्व्हरपासून तोडायचं बटण, दाबलेलं असतं, तसं असेल तर खाली लिहूनच येतं, आणि आमच्या ऑफिसात बऱ्याचदा तेच निघतं. आज नव्हतं. इनबॉक्समध्ये नवीन मेलही धडाधड येत होते, त्यावर साहेब म्हणाले, "मेल येतायत म्हणजे नेट चालूये, मग जात का नाहीत?" आता येणं आणि जाणं या दोन वेगळ्या वाटा आहेत हे साहेबांना मागच्या वर्षी नेट कनेक्शन बदललं तेव्हाच सांगितलं होतं. तेव्हा असंच झालेलं, येतायत सगळे, जात एकही नाही. जायचं सेटिंग जुन्या 25 नंबरच्या पोर्टवर, म्हणजे मेल बाहेर जायच्या दारावर, होतं आणि नवीन कनेक्शनवर तो बंद, स्पॅम पाठवणाऱ्यांमुळे बरेच नेटवाले तो बंदच ठेवतात, मग 587 टाकला आणि आउटगोइंग सर्व्हरला पासवर्ड लागतो ती टिक केली तर लगेच सुरू. आज ते सगळं जागेवर होतं.

मग काकांना म्हटलं, काका, तो सेंड रिसीव्हचा छोटा डबा येतो ना कोपऱ्यात, त्यात काय लिहिलेलं असतं? "तो होय, तो मी बंद करतो लगेच, सारखा मधे येतो." काका तो डबा माशी हाकलल्यासारखा घालवतात. एफ नाइन, म्हणजे सेंड रिसीव्हचं बटण, दाबून मी तो परत आणला आणि एरर वाचला, सर्व्हर म्हणतोय मेसेजचा साइज मर्यादेबाहेर.

काकांचं म्हणणं, फाइल्स 19 एमबीच्या, लिमिट तर 25 ची आहे. दोन्ही बरोबर. पण मेलमधून फाइल जाते ती अक्षरांत बदलून जाते, दर तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणजे साइज एक तृतीयांशाने वाढतो आणि वर थोडं अजून. 19 चे झाले 26. आउटलुक अशा अकाउंटला 20 पर्यंतची अटॅचमेंट जोडू देतं, त्यामुळे तिथे अडलं नाही, पुढे सर्व्हरच्या दारात अडलं. झिप करू का म्हणाले, पण फोटो आणि स्कॅन आधीच दाबलेले असतात, झिप करून फार तर नावापुरतं कमी होतं.

तो मेल डिलीट करायला गेलं तर आउटलुक म्हणे पाठवायला सुरुवात केलीये, आता करता येणार नाही. मग वर्क ऑफलाइन करायचं, आउटलुक बंद करून परत उघडायचं आणि मेल ओढून ड्राफ्टमध्ये टाकायचा. नंतर ऑफलाइन काढायला विसरायचं नाही, नाहीतर तासाभराने परत सगळे बोंबलतात. ड्राइव्हची लिंक पाठवली असती पण त्या कस्टमरकडे ती ब्लॉक आहे. दोन मेल केले, अर्धे कागद यात अर्धे त्यात, दोन्ही गेले, अर्ध्या तासात टेम्पो आत.

मला वाटलं मागचे तीन आता आपोआप जातील. नाही गेले! एरर नाही, काही नाही, नुसते बसलेले. नीट बघितलं तेव्हा लक्षात आलं, जायला तयार असलेल्या मेलचं नाव आउटबॉक्समध्ये तिरक्या अक्षरात दिसतं, या तिघांची अक्षरं सरळ. म्हणजे कुणीतरी ते उघडून बघितलेत. आउटबॉक्समधला मेल उघडून परत सेंड न करता बंद केला की आउटलुक समजतं हा माणूस अजून लिहितोय, आणि तो पाठवतच नाही. काका सकाळपासून दर थोड्या वेळाने येऊन "गेला का बघू" म्हणून एकेक मेल उघडून बघत होते. म्हणजे काळजीने बघत होते म्हणूनच जात नव्हते!! मला हसू आवरेना, काका मात्र गंभीर, "मग बघायचं कसं गेला का?" सेंट आयटम्समध्ये बघा काका, आउटबॉक्सला हात लावू नका. आणि खरं सांगायचं तर सेंटमध्ये दिसला म्हणजे आपल्या सर्व्हरने घेतला एवढंच, पुढचा सर्व्हर बंद असेल तर आपलावाला चार-पाच दिवससुद्धा प्रयत्न करत बसू शकतो, पण हे मी काकांना नाही सांगितलं, नाहीतर रोज कस्टमरला फोन करून विचारतील.

तिन्ही मेल एकेक उघडून सेंड केले, गेले. त्यातला एक कॅलिब्रेशनवाल्याला, म्हणजे मापाची गेज तपासून देणाऱ्याला, होता, म्हणजे ते गेज अजून आपल्याच कपाटात का आहेत हे कोडं पण सुटलं.

फाइल्स एवढ्या मोठ्या व्हायचं खरं कारण स्कॅनर निघाला, कुणीतरी 600 डीपीआय कलरवर ठेवलेला, हा आकडा जितका मोठा तितकी फाइल जड. मी 200 आणि ग्रे केला. तर काका म्हणाले, ताई, ग्रे नको, शिक्क्याची निळी शाई दिसली नाही तर कस्टमर झेरॉक्स आहे म्हणून परत पाठवतो. हे मात्र पटलं. 200 आणि कलर ठेवलाय.