पसरणीचा घाट मॉडेलमध्ये बसवताना

वाईच्या आपल्या शाळेतून पसरणीचा घाट दिसायचा, जुलैत तिकडे वर काळंकुट्ट, पाचगणीच्या पलीकडे धो धो आणि आपल्याकडे नुसती भुरभुर, पीटीचा तास ग्राउंडवरच व्हायचा. भूगोलाच्या सरांनी फळ्यावर सह्याद्रीचा छेद काढून पर्जन्यछाया शिकवली, तेव्हा ती परीक्षेपुरती पाठ केली आणि पुढे आख्खं करिअर त्यातच गेलं.

पुण्यात एमएस्सी, मग पाषाणची आयआयटीएम, म्हणजे मान्सूनवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था. काम रीजनल क्लायमेट मॉडेलिंगचं, एका भागाचं हवामान कॉम्प्युटरवर गणितानं मांडायचं. म्हणजे हवेचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येकातला वारा, बाष्प, तापमान यांचं गणित काही काही मिनिटांनी पुढे सरकवत पन्नास-शंभर वर्षं चालवायचं. जागतिक मॉडेलचा चौकोन साधारण शंभर किलोमीटरचा, त्यात कोकण, घाटमाथा, वाई सगळं एकत्र आणि उंची सरासरी, म्हणजे सह्याद्रीचा कडाच गायब! महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजारही नाही, हे त्याला दिसणार कसं? म्हणून दक्षिण आशियाचा तुकडा वेगळा घेतो, कडेची हवा जागतिक मॉडेलकडून घेतो आणि आतले चौकोन बारीक करतो. बाजू निम्मी केली की चौकोन चौपट, वेळेचा टप्पाही निम्मा म्हणून टप्पे दुप्पट, म्हणजे काम आठपट, त्यासाठी प्रत्युषसारखा सुपरकॉम्प्युटर लागतो.

आणि तरी पाऊस हातात येत नाही. २६ जुलै २००५ आठवा, २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि त्याच मुंबईत कुलाब्याला फक्त ७३.

मला खरी काळजी घाटमाथ्याची वाटते. २०२० च्या केंद्र सरकारच्या क्लायमेट रिपोर्टमध्ये आहे की १९५१ ते २०१५ मध्ये देशाचा पावसाळी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि ही घट ठळक दिसते ती गंगेच्या मैदानात आणि आपल्या पश्चिम घाटात. धोम धरण भरतं ते वरच्या पावसावर, आपल्या तालुक्यातला ऊस, हळद त्यावरच.

मॉडेल बरोबर की चूक हे शेवटी जमिनीवरच्या नोंदीच ठरवतात आणि डोंगराळ भागात त्या फार विरळ आहेत. म्हणून शाळेला एक पर्जन्यमापक देतोय, झाडं-भिंतींपासून लांब मोकळ्या जागेत बसवू, रोज सकाळी साडेआठला वाचायचा, शून्य असलं तरी शून्य लिहायचं. मे महिन्यात बसवायला मी स्वतः येतोय, नववीच्या मुलामुलींना त्या दिवशी थांबवून ठेवा.